कालद्वार (क्रोनो ट्रिगर)

कालद्वार किंवा गेट ही 'क्रोनो ट्रिगर' या जपानी व्हिडिओ गेममधील एक काल्पनिक संकल्पना आहे. स्थळ आणि काळ यांत पडलेली भेग असे तिचे स्वरूप असून तिच्यातून जाणारी व्यक्ती एका युगातून दुसऱ्या युगात पोहोचते. स्क्वेअर या कंपनीने हा खेळ ११ मार्च १९९५ रोजी जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी प्रकाशित केला. मूळ खेळात या द्वाराला 'गेट' असे म्हटले आहे. या लेखात गेट आणि कालद्वार हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

कालप्रवासाच्या बहुतेक कथांत प्रवास घडवणारे यंत्र माणसाच्या ताब्यात असते. क्रोनो ट्रिगरमधील गेट मात्र कोणाच्या ताब्यात नसते. ते कोठे उघडावे आणि कोणत्या युगात न्यावे हे पात्रांना ठरवता येत नाही. किल्ली वापरून ते उघडता येते, इतकेच. या मर्यादेमुळे खेळाचे कथानक एका नैतिक प्रश्नाभोवती उभे राहते: जे संकट आपल्या हयातीत येणार नाही, ते टाळण्याची जबाबदारी आपली आहे का?

पार्श्वभूमी

क्रोनो ट्रिगर हा भूमिकाप्रधान खेळ आहे. अशा खेळात खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन कथानकातून पुढे जातो, इतर पात्रांशी संवाद साधतो आणि लढायांतून आपल्या तुकडीचे सामर्थ्य वाढवतो. या खेळाच्या निर्मितीसाठी तीन नामवंत व्यक्ती एकत्र आल्या. 'फायनल फँटसी' मालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिकेचे जनक युजी होरी आणि 'ड्रॅगन बॉल' या चित्रकथेचे चित्रकार अकिरा तोरियामा हे ते तिघे होत. काझुहिको आओकी हे निर्माते होते. ताकाशी तोकिता, योशिनोरी कितासे आणि अकिहिको मात्सुई यांनी दिग्दर्शनाची जबाबदारी सांभाळली. कथालेखनात मासातो कातो यांचा मोठा वाटा होता. संगीत मुख्यतः यासुनोरी मित्सुदा यांचे असून त्यांच्या आजारपणात नोबुओ उएमात्सू यांनी उर्वरित काम पूर्ण केले.

कालप्रवासाचा विषय प्रामुख्याने होरी यांच्या आवडीतून आला. 'द टाइम टनेल' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका त्यांना प्रिय होती. कातो यांना मात्र आरंभी या विषयाबद्दल शंका होती. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या काळात पुन्हा पुन्हा जाण्याने खेळ कंटाळवाणा होईल, अशी भीती त्यांना वाटत होती. प्रत्यक्षात प्रत्येक युगाचा नकाशा, वस्ती, बोलण्याची ढब आणि संगीत निराळे ठेवल्यामुळे ती भीती खरी ठरली नाही.

स्वरूप

मिटलेले गेट हवेत लुकलुकणाऱ्या लहानशा ठिपक्यासारखे दिसते. ते उघडताच निळसर रंगाचा गोल भोवरा पसरतो, त्यात पात्रे ओढली जातात आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात. एका जोडीतील दोन टोकांपैकी एक एका युगात आणि दुसरे दुसऱ्या युगात असते. दोन्ही टोकांच्या जागा ठरलेल्या असतात.

गेट स्वभावतः अस्थिर असते. खेळातील लुका ही तरुण संशोधक त्याचे निरीक्षण करून एक उपकरण तयार करते. त्याला 'गेटची किल्ली' असे नाव आहे. लुकाने आधी 'टेलिपॉड' नावाचे यंत्र बनवलेले असते. त्याच्या एका चौथऱ्यावर उभा राहिलेला माणूस दुसऱ्या चौथऱ्यावर प्रकट होतो. त्याच यंत्राच्या तत्त्वावर ही किल्ली बनवलेली आहे. किल्लीने नवे गेट निर्माण होत नाही. असलेले गेट उघडते आणि सुरक्षित प्रवास होईपर्यंत स्थिर राहते.

युगे

कालद्वारांनी जोडलेली युगे पुढीलप्रमाणे आहेत. खेळातील सनावळी एका काल्पनिक जगाची आहे. तिचे सन १००० हे वर्ष गार्डिया राज्याच्या सहस्रवर्षपूर्तीचे असून आपल्या इसवी सनाशी तिचा संबंध नाही.

सनपूर्व ६,५०,००,००० : आदिम मानव आणि सरपटणाऱ्या प्राण्यांपासून उत्क्रांत झालेले 'रेप्टाइट' यांच्यातील संघर्षाचा काळ. मानवांची प्रमुख आयला ही याच युगातील आहे.

सनपूर्व १२,००० : हिमयुग. जमिनीवर बर्फ आणि दारिद्र्य, तर ढगांवर तरंगणाऱ्या भूमीवर झील हे जादूचे वैभवशाली राज्य.

सन ६०० : मध्ययुग. गार्डिया राज्य आणि मेगस या मायावी राजाचे सैन्य यांच्यात युद्ध चालू आहे. शापामुळे बेडकाचे रूप मिळालेला फ्रॉग हा योद्धा येथे भेटतो.

सन १००० : नायक क्रोनो, लुका आणि मार्ल यांचा वर्तमानकाळ. राज्यात शांतता असून सहस्रवर्षपूर्तीची जत्रा भरलेली आहे.

सन १९९९ : लाव्होस नावाचा महाकाय परजीवी जीव भूगर्भातून बाहेर येऊन संस्कृतीचा नाश करतो, ते वर्ष.

सन २३०० : नाशानंतरचे जग. धुळीने भरलेले आकाश, पडक्या घुमटांत उपाशी राहणारी मोजकी माणसे आणि बिघडलेले यंत्रमानव. रोबो हे पात्र येथील आहे.

काळाचा अंत : या स्थळाला सन नाही. अंधारात एक लहानसा चौक, एक दिवा आणि त्याखाली उभा असलेला एक वृद्ध, एवढेच येथे आहे.

कथानकातील स्थान

कथेचा आरंभ जत्रेत होतो. क्रोनोची मार्लशी ओळख होते आणि दोघे लुकाचे टेलिपॉड पाहायला जातात. मार्ल चौथऱ्यावर उभी राहताच तिच्या गळ्यातील पदक आणि यंत्राची ऊर्जा यांचा अनपेक्षित संयोग होतो, गेट उघडते आणि ती नाहीशी होते. खाली पडलेले पदक उचलून क्रोनो तिच्या मागे जातो आणि सन ६०० मधील एका घाटात पोहोचतो. पहिला कालप्रवास असा अपघाताने घडतो. त्यामागे कोणाची योजना नसते.

वर्तमानात परतल्यावर क्रोनोवर राजकन्येला पळवल्याचा खटला भरला जातो, कारण मार्ल ही वेष पालटून जत्रेत आलेली राजकन्या असते. या खटल्यात जत्रेतील बारीकसारीक वर्तनाची साक्ष काढली जाते. कोणाचे जेवण खाल्ले का, हरवलेले मांजर शोधून दिले का, धडकून पडलेल्या मुलीला आधी सावरले की तिचे पदक आधी उचलले, अशा गोष्टींचा हिशेब होतो. कृती लहान असली तरी तिचे फळ पुढे भेटतेच, ही खेळाची शिकवण येथे प्रथम स्पष्ट होते.

तुरुंगातून सुटून पळताना तिघे जंगलातील एका गेटमध्ये शिरतात आणि सन २३०० मध्ये येतात. तेथील एका घुमटात जुन्या संगणकावर त्यांना सन १९९९ चे चित्रीकरण दिसते. जमीन फाटून लाव्होस वर येतो आणि शहरे जळून जातात. ही घटना त्यांच्या वर्तमानापासून ९९९ वर्षे दूर आहे. त्यांच्यापैकी कोणालाही तिची झळ लागणार नाही. घरी परतून सुखाने आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य आहे. तरीही हे भविष्य बदललेच पाहिजे असे मार्ल म्हणते आणि इतर दोघे तिला साथ देतात. संपूर्ण खेळाचे उद्दिष्ट याच प्रसंगात निश्चित होते. कोणी राजा त्यांना आज्ञा देत नाही, कोणती भविष्यवाणी त्यांची निवड करत नाही. कालद्वारातून जे दिसले, ते पाहिल्यानंतर गप्प बसणे त्यांना जमत नाही.

पुढे लाव्होसचा उगम शोधताना त्यांना मेगस हाच त्याचा निर्माता वाटतो. मेगसच्या किल्ल्यातील लढाईत निर्माण झालेले गेट त्यांना आदिम युगात फेकते आणि तेथे लाव्होस हा आकाशातून पृथ्वीवर आदळलेला जीव असल्याचे उघड होते. 'लाव्होस' हे नाव आयलाच्या भाषेतील आहे. तिच्या बोलीत 'ला' म्हणजे अग्नी आणि 'व्होस' म्हणजे मोठा. लाव्होसच्या आघाताच्या जागी निर्माण झालेले गेट नायकांना झील राज्याच्या काळात नेते. झीलची राणी लाव्होसची शक्ती राज्याच्या वैभवासाठी वापरू पाहते आणि त्यातून त्या राज्याचा नाश होतो. त्या विनाशात उघडलेल्या गेटांतून राज्यातील तीन विद्वान आणि राजपुत्र जानुस वेगवेगळ्या युगांत फेकले जातात. मेल्कियर सन १००० मध्ये, बेल्थाझार सन २३०० मध्ये आणि गॅस्पर काळाच्या अंताशी पोहोचतो. मध्ययुगात पडलेला जानुस हाच मोठेपणी मेगस होतो. ज्याला सर्वजण संकटाचे मूळ समजत होते, तो स्वतःच कालद्वाराने घराबाहेर फेकलेला एक मुलगा होता.

नियम आणि मर्यादा

खेळात कालद्वारांचे काही ठळक नियम दिसतात.

पहिला नियम संख्येचा आहे. एका वेळी तीनच व्यक्ती गेटमधून ठरलेल्या ठिकाणी जाऊ शकतात. क्रोनो, मार्ल, लुका आणि रोबो असे चौघे प्रथमच एकत्र गेटमध्ये शिरतात तेव्हा ते काळाच्या अंताशी येऊन पडतात. चार किंवा अधिक जीव एकत्र शिरले, तर जेथे सर्वांत कमी अवरोध असेल अशा बिंदूवर ते फेकले जातात, असे तेथील वृद्ध समजावतो. हा वृद्ध म्हणजेच गॅस्पर. लढाईत तीनच पात्रे घेण्याची रचना अनेक खेळांत असते, परंतु बाकीची पात्रे त्या वेळी कोठे असतात याचे उत्तर क्वचितच दिले जाते. येथे ती पात्रे काळाच्या अंताशी थांबतात. खेळाच्या सोयीसाठी घातलेली मर्यादा अशा रीतीने काल्पनिक जगाचा नियम बनली आहे.

दुसरा नियम ठिकाणाचा आहे. काळाच्या अंताशी पोहोचल्यानंतर तेथे प्रकाशाचे स्तंभ दिसतात आणि प्रत्येक स्तंभ एकेका गेटकडे नेतो. त्यानंतर कोणत्याही गेटमध्ये शिरले तरी प्रवासी प्रथम याच चौकात येतात. रेल्वेच्या जंक्शनाप्रमाणे हे स्थळ काम करते. परंतु स्तंभ जेथे नेतात तेथेच जावे लागते. उदाहरणार्थ, मेदिना या गावाचे गेट एका घरातील कपाटात उघडते आणि प्रवाशांना त्या घरातल्यांसमोर कपाटातून बाहेर यावे लागते.

तिसरा नियम क्षणाचा आहे. गेट युग बदलते, पण त्या युगातील हवा तो क्षण निवडू देत नाही. सन ६०० मध्ये घडून गेलेला प्रसंग पुन्हा गाठता येत नाही. नायकांनी एका युगात काही काळ घालवला की इतर युगांतील त्यांची कामेही तेवढीच पुढे सरकलेली असतात. म्हणून झालेली चूक मागे जाऊन पुसण्याचा मार्ग गेटने मिळत नाही. झीलच्या विनाशात क्रोनो मृत्युमुखी पडतो तेव्हा त्याचे मित्र कोणत्याही गेटने त्या क्षणी परत जाऊ शकत नाहीत. त्यासाठी गॅस्परने दिलेले 'क्रोनो ट्रिगर' नावाचे अंड्याच्या आकाराचे साधन लागते. खेळाचे नाव त्यावरूनच आले आहे. त्याचा उपयोग सन २३०० मधील मृत्युशिखरावर होतो आणि त्या थांबलेल्या क्षणात क्रोनोच्या जागी त्याच्यासारखी दिसणारी बाहुली ठेवून त्याला सोडवले जाते. हा प्रयत्न करणे वा न करणे खेळाडूवर अवलंबून आहे. क्रोनोला परत न आणताही खेळ पूर्ण करता येतो.

कार्यकारणभाव

भूतकाळातील बदलाचा वर्तमानावर होणारा परिणाम खेळात अनेक प्रकारे दाखवला आहे.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्लचे आहे. सन ६०० मध्ये राणी लीन हिचे अपहरण झालेले असते. चेहऱ्यातील साम्यामुळे मार्ललाच राणी समजून सैनिक शोधमोहीम थांबवतात. राणीचा शोध थांबला म्हणजे तिचा मृत्यू अटळ झाला. मार्ल ही राणीचीच वंशज असल्याने राणी वाचली नाही तर मार्लचा जन्मच होणार नाही. त्यामुळे ती क्रोनोच्या डोळ्यांदेखत विरून जाते. क्रोनो, लुका आणि फ्रॉग राणीला सोडवतात तेव्हाच ती परत येते. पूर्वजांच्या नाशाने स्वतःचे अस्तित्व पुसले जाण्याच्या या कोड्याला तत्त्वज्ञानात 'आजोबांचा विरोधाभास' म्हणतात. येथे त्याचे कारण कोणाचा दुष्ट हेतू नसून केवळ चुकीची ओळख आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण चंद्रशिळेचे आहे. निस्तेज झालेली ही शिळा नायक आदिम युगातील एका गुहेत ठेवतात. कोट्यवधी वर्षे सूर्यप्रकाश शोषून ती सूर्यशिळा व्हावी, ही त्यामागील कल्पना. परंतु सन १००० मध्ये ती गुहेतून नाहीशी झालेली आढळते. पोर गावच्या लोभी प्रमुखाने ती बळकावलेली असते आणि तो ती देण्यास नकार देतो. उपाय सन ६०० मध्ये सापडतो. त्याच घराण्यातील एका स्त्रीला वाळवलेले मांस हवे असते. ते तिला मोबदला न घेता दिले, तर ती भारावून जाते आणि औदार्याचा हा धडा आपल्या मुलाबाळांना देण्याचे ठरवते. चारशे वर्षांनंतर तिचा वंशज उदार निघतो आणि शिळा आपणहून परत करतो. ती पुन्हा गुहेत ठेवल्यावर सन २३०० मध्ये सूर्यशिळा तयार मिळते. येथे इतिहास एका दयाळू कृतीने बदलला आहे.

मेदिना गावाची कथाही अशीच आहे. तेथील रहिवासी मेगसच्या सैन्याचे वंशज असून सन १००० मध्येही त्यांच्या मनात मानवांविषयी वैर आहे. सन ६०० मध्ये मेगसचा सेनापती ओझी याचा पूर्ण पराभव केल्यास चारशे वर्षांनंतरचे मेदिना मानवांशी स्नेहाने वागू लागते.

सर्वच ठिकाणी तर्क काटेकोर ठेवलेला नाही. काही मुद्रांकित पेट्या सन ६०० आणि सन १००० या दोन्ही युगांत त्याच जागी आढळतात. सन ६०० मध्ये पेटी पदकाने केवळ जागृत करून तशीच ठेवली, तर सन १००० मध्ये तीतून अधिक प्रभावी वस्तू मिळते आणि त्यानंतर मागे जाऊन मूळ वस्तूही घेता येते. पूर्वी काढून घेतलेली वस्तू नंतरच्या काळात कशी उरली, याचे स्पष्टीकरण खेळ देत नाही. खेळाडूच्या चौकसपणाला दिलेले ते बक्षीस आहे.

कालद्वाराविना प्रवास

कालद्वारांचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते त्यांचा वापर न केलेल्या प्रसंगात. सन ६०० मध्ये फिओना नावाची स्त्री वाळवंट झालेल्या प्रदेशात पुन्हा जंगल उभे करू पाहते. हे काम एका मानवी आयुष्यात पूर्ण होणारे नाही. यंत्रमानव असलेला रोबो तेथे मागे राहण्यास तयार होतो. इतर पात्रे कालप्रवास करून सन १००० मध्ये काही क्षणांत पोहोचतात. रोबो मात्र ती चारशे वर्षे रोज काम करत प्रत्यक्ष जगतो. मित्र परततात तेव्हा वाळवंटाच्या जागी दाट अरण्य उभे असते आणि तेथील मंदिरात गंजलेला, बंद पडलेला रोबो जपून ठेवलेला असतो. लुका त्याला दुरुस्त करते.

त्या रात्री जंगलात शेकोटीभोवती सर्व पात्रे एकत्र बसतात. सर्वजण झोपल्यावर लुकाला एक वेगळे, लाल रंगाचे गेट दिसते. ती एकटीच त्यात शिरते आणि सन ९९० मधील आपल्या घरात येते. त्या दिवशी तिची आई लारा हिचे पाय यंत्रात सापडून कायमचे निकामी झाले होते. यंत्र थांबवण्याचा संकेतशब्द आईचेच नाव आहे. खेळाडूने तो वेळेत दिला तर आई वाचते आणि वर्तमानात ती चालू शकते. वेळ चुकली तर अपघात तसाच घडतो आणि लुकाला ते दुःख दुसऱ्यांदा पाहावे लागते. बालपणीच्या याच प्रसंगामुळे लुका यंत्रांच्या अभ्यासाकडे वळलेली असते. खेळातील इतर सर्व गेट जगाच्या इतिहासाशी निगडित आहेत. हे एकच गेट एका व्यक्तीच्या मनातील सलाशी निगडित आहे.

कालद्वारांचा कर्ता

गेट कोणी निर्माण केले, या प्रश्नाला खेळात एकच अंतिम उत्तर नाही. आरंभी ती नैसर्गिक किंवा यांत्रिक अपघातातून निर्माण झाल्यासारखी वाटतात. पुढे लाव्होसच्या प्रचंड शक्तीमुळे काळाला भेगा पडतात, असे मत पुढे येते. लाव्होसच्या आघाताच्या आणि जागृतीच्या ठिकाणी गेट उघडत असल्याने त्या मताला आधारही आहे.

शेकोटीच्या प्रसंगात रोबो एक निराळा विचार मांडतो. चारशे वर्षे एकट्याने विचार केल्यावर त्याला असे वाटू लागले आहे की कोणीतरी या साऱ्या घटना नायकांना दाखवू इच्छित आहे. मृत्यूच्या वेळी माणसाला गत आयुष्यातील क्षण आठवतात, त्याप्रमाणे कोणीतरी स्वतःचे आयुष्य पुन्हा पाहत असावे आणि गेट हे त्या आठवणींचे मार्ग असावेत. हा 'कोणीतरी' म्हणजे लाव्होसने पोखरलेली पृथ्वीच असावी, असा अर्थ अनेक खेळाडू लावतात. हा अर्थ स्वीकारल्यास कालद्वारे ही आजारी पृथ्वीने घातलेली साद ठरतात. खेळ मात्र याची पुष्टी करत नाही.

एपॉक

कथानकाच्या उत्तरार्धात नायकांना बेल्थाझारने सन २३०० मध्ये तयार केलेले कालयान मिळते. त्याचे नाव एपॉक असून खेळाडूला ते बदलता येते. एपॉकमुळे गेटवरील अवलंबन संपते आणि इच्छित युग निवडता येते. पुढे त्याला पंख बसवल्यावर ते उडूही शकते. तरीही त्यात तिघांनाच जागा आहे. कथेच्या पूर्वार्धात गेट जेथे नेईल तेथे जाणारे नायक उत्तरार्धात स्वतः ठरवून जाऊ लागतात. खेळातील बहुतेक ऐच्छिक उपकथा याच टप्प्यावर खुल्या होतात, हे या बदलाशी सुसंगत आहे.

शेवट

लाव्होसशी अंतिम लढाई करण्यासाठी एकाहून अधिक मार्ग आहेत. काळाच्या अंताशी ठेवलेली एक बादली थेट सन १९९९ मध्ये नेते, तर एपॉकनेही त्या वर्षी जाता येते. खेळ एकदा पूर्ण केल्यावर पात्रांचे सामर्थ्य कायम ठेवून तो पुन्हा आरंभापासून खेळण्याची सोय आहे. तिला 'न्यू गेम प्लस' म्हणतात. या दुसऱ्या खेपेत जत्रेतील टेलिपॉडमधूनही लाव्होसपर्यंत पोहोचता येते. कथानकाच्या कोणत्या टप्प्यावर लाव्होसचा पराभव केला त्यानुसार खेळाला डझनाहून अधिक वेगवेगळे शेवट आहेत.

मुख्य शेवटात लाव्होसच्या नाशानंतर कालद्वारे मिटू लागतात. वेगवेगळ्या युगांतील मित्र जत्रेच्या मैदानातील अखेरच्या गेटमधून आपापल्या काळात परततात. रोबोचा निरोप त्यांत विशेष हृद्य आहे. भविष्य बदलल्याने उद्ध्वस्त जगात घडवलेला रोबो त्या भविष्यात असेल की नाही, याची खात्री कोणालाच नाही. हे ठाऊक असूनही त्याने लाव्होसविरुद्ध लढा दिलेला असतो. या उदास प्रसंगानंतर लगेच क्रोनोची आई मांजराच्या मागे धावत मिटत्या गेटमध्ये शिरते आणि गेट बंद होते. एपॉक शाबूत असेल तर क्रोनो आणि त्याचे मित्र त्यातून तिच्या शोधात निघतात.

इतर खेळांशी तुलना

लुकासआर्ट्स कंपनीच्या 'डे ऑफ द टेन्टॅकल' (१९९३) या विनोदी खेळात तीन मित्र दोनशे वर्षे मागे, वर्तमानात आणि दोनशे वर्षे पुढे असे विभागले जातात. त्यांची कालयंत्रे म्हणजे फिरती शौचालये असून त्यांतून लहान वस्तू एकमेकांना पाठवता येतात. तेथेही भूतकाळातील कृतीने भविष्य बदलते, पण तो बदल कोडी सोडवण्यासाठी आणि हशा पिकवण्यासाठी आहे. निन्टेन्डोच्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' (१९९८) या खेळात मंदिरातील कालद्वारापलीकडे असलेली तलवार उपसताच नायक सात वर्षांनी मोठा होतो. त्या खेळात दोनच काळ असून ते एकाच व्यक्तीच्या बालपणाशी आणि तारुण्याशी जोडलेले आहेत. क्रोनो ट्रिगरमध्ये काळाचा पट एका आयुष्यात न मावणारा आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी व्यक्तीऐवजी पृथ्वीचा इतिहास आहे.

आवृत्त्या आणि उत्तरकथा

ऑगस्ट १९९५ मध्ये खेळाची इंग्लिश आवृत्ती उत्तर अमेरिकेत प्रकाशित झाली. तिचे भाषांतर टेड वूल्सी यांनी केले. १९९९ मध्ये प्लेस्टेशनसाठी निघालेल्या आवृत्तीत सचेतपटांची भर पडली. २००८ मधील निन्टेन्डो डीएस आवृत्तीसाठी नवे इंग्लिश भाषांतर करण्यात आले आणि काही नवी स्थळे व कालद्वारे जोडण्यात आली. त्यानंतर मोबाइल फोनवर आणि २०१८ मध्ये संगणकावरही हा खेळ उपलब्ध झाला.

१९९९ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झालेल्या 'क्रोनो क्रॉस' या उत्तरकथेत कालद्वारांऐवजी दोन समांतर जगांमधील प्रवास आहे. इतिहास बदलल्यावर पुसल्या गेलेल्या भविष्यातील जीवांचे काय झाले, हा पहिल्या खेळाने मागे ठेवलेला प्रश्न तेथे पुढे नेला आहे. सन २३०० मधील उपाशी माणसांना वाचवताना त्यांचे ते जगच नाहीसे झाले, ही गोष्ट मूळ खेळात आनंदाची म्हणून येते. उत्तरकथेने त्या आनंदाची दुसरी बाजू दाखवली.